साडेचार हजारांत आधी काय नोंदवायचं: नाव की लोगो?

ट्रेडमार्क घ्यायचा हे ठरलेलं असतं, टीएम-ए हा फॉर्म ऑनलाइन भरायचा हेही ठाऊक असतं. अडतं ते अर्ज नेमका कशाचा करायचा इथे. नुसत्या अक्षरांचा, म्हणजे वर्डमार्क? की लाल गोलात खलबत्ता घेऊन बसलेली बाई आणि खाली वळणदार अक्षरांत नाव, असा अख्खा लोगो? ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या, भाषेत त्याला डिव्हाइस म्हणतात.

'दोन्ही करून टाका' हा सल्ला देणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही. व्यक्ती, स्टार्टअप किंवा उद्यम प्रमाणपत्र असलेला लघुउद्योग यांना ऑनलाइन फी एका चिन्हाला, एका वर्गाला ४,५०० रुपये पडते, बाकीच्यांना ९,०००. मसाले वर्ग ३० मध्ये येतात, लोणची वर्ग २९ मध्ये. दोन वर्ग आणि दोन चिन्हं म्हटली की १८,००० रुपये नुसती सरकारी फी, एजंटचे वेगळे. त्यामुळे घरगुती मसाल्यापासून सुरुवात करणाऱ्याला क्रम लावावाच लागतो.

दोन्ही बाजूंना सर्वोच्च न्यायालयाचा एकेक जुना निकाल आहे. 'अमृतधारा' हे औषध बाजारात असताना कोणी 'लक्ष्मणधारा' या नावाची नोंदणी मागितली, तेव्हा १९६२ मध्ये न्यायालयानं दोन्ही नावं फसगत होण्याइतकी सारखी मानली. तिथे चित्राचा प्रश्नच नव्हता, नाव कानाला कसं लागतं हे पाहिलं गेलं. (शेवटी लक्ष्मणधाराला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली, कारण अमृतधारावाले बरीच वर्षं गप्प बसले होते.) दुसरा निकाल १९७२ चा, पार्लेच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनाचा. त्यावर शेतातली मुलगी, गाई, कोंबड्या. म्हैसूरच्या एका कंपनीच्या वेष्टनावरही मुलगी, गाय, कोंबड्या आणि रंगसंगती जवळपास तीच. दोन्ही वेष्टनं शेजारी ठेवून बारीक फरक मोजत बसायचं नसतं, एकूण छाप सारखी पडते का ते बघायचं, असं म्हणत न्यायालयानं पार्लेच्या बाजूनं कौल दिला. म्हणजे लेबलही चांगलं लढतं, पण समोरचा लेबलाची नक्कल करतो तेव्हा. नुसतं नाव उचलून त्यानं वेगळ्या रंगाचं, वेगळ्या चित्राचं पाकीट काढलं, तर डिव्हाइसवाल्याला 'आमच्या चिन्हातला मुख्य भाग नावच आहे' हे आधी पटवून द्यावं लागतं. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे हक्क मिळतो तो संपूर्ण चिन्हावर, त्यातल्या प्रत्येक तुकड्यावर सुटा नाही. नाव मुख्य आहे हे कोर्टात पटतंही, पण तो वाद आणि त्याचा खर्च तुमच्या वाट्याला येतो.

शोध घेण्यात नाव सरळ पुढे आहे. रजिस्ट्रीच्या सार्वजनिक शोधात नाव टाका, वर्ग टाका, आधी 'कंटेन्स' (तो शब्द असलेली नावं) आणि मग 'फोनेटिक' (उच्चाराला सारखी नावं) असं दोनदा बघा. कोण कुठे बसलंय ते दहा मिनिटांत कळतं. चित्र शोधायचं तर व्हिएन्ना कोड, म्हणजे चित्रात काय दिसतं त्याचा ठरलेला क्रमांक, लागतो. बाईचा कोड वेगळा, खलबत्त्याचा वेगळा, आणि चित्राला कोड देणाऱ्यानं त्यात आधी बाई पाहिली की खलबत्ता, हे आपल्याला सांगता येत नाही.

लोगोची खरी जमेची बाजू रजिस्ट्रीचा तपासनीस हरकत घेतो त्या वेळी दिसते. नाव वर्णनात्मक असेल, म्हणजे 'शुद्ध', 'घरगुती', 'गावरान', नाहीतर थेट गावाचं नाव, तर कलम ९ ची हरकत येणार हे धरून चाला. देवादिकांची आणि पुराणांतली नावंही अशीच अवघड. उदबत्तीसाठी 'रामायण' हा शब्द एकट्याचा करून मागणाऱ्याला २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नकार दिला. अशा नावाला चित्र जोडलं की अर्ज पुढे सरकायची शक्यता वाढते, आणि एजंट लोगो सुचवतात ते बहुधा याच कारणानं. प्रमाणपत्र मिळतं, फ्रेम होऊन भिंतीवर लागतं. पण त्यानं 'घरगुती' हा शब्द तुमचा होत नाही, कोणीही तो वापरू शकतो. कलम ११ च्या हरकतीत, म्हणजे दुसऱ्याचं मिळतंजुळतं नाव आधीपासून नोंदीत असेल तर, चित्राचा फारसा आधार मिळत नाही. तपासनीस नाव वाचतोच. तपासणी अहवाल हाती आल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यायचं, हे दोन्हीकडे सारखंच.

आता वापराचा पुरावा. 'अमुक तारखेपासून वापरतो' असं अर्जात लिहिलं की प्रतिज्ञापत्र आणि कागद जोडावे लागतात. बिलबुकावर, चलनावर, वाण्याच्या ऑर्डरवर बहुतेक ठिकाणी नुसतं नावच छापलेलं किंवा लिहिलेलं असतं. वर्डमार्कला ते सगळे कागद चालतात. डिव्हाइसला तेच चित्र दिसणारं काहीतरी तारखेसकट लागतं, आणि चार वर्षांपूर्वीचं रिकामं पाकीट कोणी जपून ठेवत नाही.

एवढ्यावरही एखादा लोगोकडे झुकला तर मी वाद घालणार नाही. माझा कौल ठरला तो एका कटकटीमुळे: लोगो बदलतो. हौस म्हणून नव्हे, परिस्थितीमुळे. पहिलं पाकीट साध्या प्लास्टिकचं, दोन रंगांत छापलेलं. धंदा वाढला की उभी राहणारी झिप पाऊच येते, डिझायनर नवा येतो, तो म्हणतो गोल जुना वाटतो. गोल जातो, बाई जाते, खलबत्ता एका रेषेत उरतो, अक्षरं सरळ होतात. दिसायला बरंच सुधारतं. नोंदणी मात्र जुन्या चित्राची आहे. कलम ५९ खाली नोंदलेल्या चिन्हात बदल मागता येतो, पण चिन्हाची ओळख ठळकपणे बदलणार नाही एवढाच. गोल आणि बाई दोन्ही गेल्यावर ती ओळख शिल्लक राहिली असं म्हणणं कठीण. मग नवा अर्ज, नवी फी, पुन्हा तपासणी, पुन्हा जर्नलमध्ये प्रसिद्धी आणि पुन्हा विरोधासाठी चार महिन्यांची वाट. नव्या चिन्हाला तारीखही नवी मिळते.

जुन्या चिन्हाचं काय? नोंदणीनंतर सलग पाच वर्षं आणि वर तीन महिने ते वापरलंच नाही, तर कलम ४७ खाली ते काढून टाकण्याची मागणी दुसरा करू शकतो. किरकोळ फेरफार करून केलेला वापर हा मूळ चिन्हाचाच वापर मानता येतो, तशी सोय कलम ५५ मध्ये आहे. पण फेरफार किरकोळ होता की नाही, यावर भांडण्याची वेळ तुमच्यावर येते, तीही नेमकी विरोधक अंगावर आला असताना. वर्डमार्कला यातलं काहीच लागत नाही. पाच वेळा पाऊच बदला, अक्षरं जाड करा, तिरकी करा, हिरवी करा. नाव तेच, नोंदणी तीच, दर दहा वर्षांनी नूतनीकरण.

'मग लोगोचा कॉपीराइट नोंदवून टाकू, तो स्वस्त पडतो' असंही बऱ्याचदा ऐकू येतं. मालावर वापरायच्या कलाकृतीची कॉपीराइट नोंदणी फी २,००० रुपये आहे हे खरं. पण कॉपीराइट कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे त्याआधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीचं 'असं चिन्ह आमच्याकडे नाही' हे प्रमाणपत्र लागतं, आणि त्याच्या टीएम-सी अर्जाची ऑनलाइन फी ९,००० आहे. शिवाय कॉपीराइट चित्राला मिळतो, नावाला नाही. चित्रपटाच्या नुसत्या शीर्षकावरही कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्येच स्पष्ट केलं आहे.

लोगोबाबत मालक कोण हा प्रश्नही राहतो. बाहेरच्या डिझायनरला पैसे देऊन लोगो काढून घेतला म्हणून त्याचा कॉपीराइट आपोआप तुमच्याकडे येत नाही. लेखी हस्तांतरण लागतं, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षंच धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. 'सर्व हक्क दिले' एवढं एक वाक्य बिलाच्या पाठीवर लिहून घेणाऱ्यांनी हे जरूर बघावं. दुबईला किंवा न्यू जर्सीला लोणचं पाठवायचं मनात असेल तर जास्तच. 'कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी' हे शब्द कागदावर हवेत. तयार टेम्प्लेटमधून उचललेलं चित्र असेल तर तेच चित्र आणखी शंभर जणांकडे असणार, त्यावर मालकी सांगणंच अवघड.

लोगो आधी नोंदवावा अशी माझ्या मते एकच परिस्थिती आहे: नाव इतकं साधं आहे की वर्डमार्क मिळणारच नाही आणि गिऱ्हाईक खरोखर चित्रावरूनच माल मागतं. नाव बदलायला अजून वेळ असेल, पाकिटं छापायची राहिली असतील, तर मी नावच बदलायला सांगेन. मालाशी संबंध नसलेला किंवा नव्यानं घडवलेला शब्द घ्या, दोनदा शोधा, वर्डमार्क टाका. नोंदणी होईपर्यंत नावापुढे टीएम लावता येतं. वर्तुळातला आर प्रमाणपत्र हातात आल्यावरच.

लोगोचा अर्ज पाऊच एक-दोन छपाया टिकल्यावर करा. तेव्हा चित्र आठ बाय आठ सेंटिमीटरच्या आत आणि काळ्या-पांढऱ्यात द्या. रंगाची मर्यादा घातली नाही तर कलम १० प्रमाणे नोंदणी सगळ्या रंगांना लागू होते, आणि पुढचा डिझायनर रंगापासूनच सुरुवात करणार आहे.