वाशीतली समलिंगी सभासदांची युनियन परिषद: कशी झाली, जावं का?

मी महापे एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये काम करते. आमची युनियन ज्या महासंघात आहे, तो समलिंगी सभासदांसाठी एक दिवसाची परिषद घेतो. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. ज्यांना माहीत असतं ते म्हणतात, तिथे जाऊन मिळणार काय, उगाच नाव फुटायचं. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी नाव फुटण्याबद्दल. नोंदणी शाखेमार्फत होत नाही, थेट महासंघाच्या एका ताईंकडे फोनवर होते, त्यामुळे शाखेच्या सचिवालाही कोण येणार ते कळत नाही. हॉल वाशी स्टेशनपासून चालत जाण्याइतका जवळ आहे. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरनं आलात तर रिक्षाही लागत नाही. दारावर फक्त ‘कर्मचारी परिषद’ एवढाच फलक. गळ्यातली फीत हिरवी असेल तर फोटोत आलेलं चालतं, लाल असेल तर नाही. बिल्ल्यावर आपण सांगू तेवढंच नाव, कंपनीचं नाव नाही. दुपारी महासंघाच्या एका मोठ्या पदाधिकाऱ्यानं व्यासपीठावरून सगळ्यांचा फोटो काढला. संयोजकांपैकी एक तरुण मुलगी उठली, “साहेब, लाल फिती आहेत समोर,” म्हणाली आणि तो फोटो त्यांना तिथल्या तिथे पुसायला लावला. माझा विश्वास बसला तो तेव्हा.

पावतीचं मात्र चुकलंय. तीनशे रुपये नोंदणी फी ठीक आहे, पण पावतीवर परिषदेचं पूर्ण नाव छापलेलं आहे. आईवडिलांबरोबर राहणाऱ्या मुलानं ती कुठे ठेवायची? मी तिथेच सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं.

दिवसातलं सगळ्यात मोलाचं सत्र नॉमिनीचं. माझी जोडीदारीण आणि मी ऐरोलीत एकत्र राहतो, घराचा हप्ता दोघींच्या पगारातून जातो. पीएफला तिचं नाव लावलं की काम झालं, असंच आम्ही धरून चाललो होतो. सत्र घेणारे निवृत्त पीएफ सल्लागार होते. त्यांनी १९५२ च्या पीएफ योजनेतली ‘कुटुंबा’ची व्याख्या फळ्यावर लिहिली: बाई सभासद असेल तर नवरा, मुलं, तिच्यावर अवलंबून असलेले आईवडील, नवऱ्याचे अवलंबून असलेले आईवडील. यातलं कोणी असेल तर बाहेरच्या माणसाचं नॉमिनेशन ग्राह्य धरत नाहीत. कुटुंब नसेल तर कोणाचंही नाव देता येतं. म्हणजे माझी आई माझ्यावर अवलंबून असेपर्यंत त्या पैशांवर माझ्या जोडीदारणीचं नाव चालणार नाही. ग्रॅच्युइटीचाही नियम याच वळणाचा. हॉलमध्ये एकदम कुजबुज सुरू झाली. बहुतेकांनी फॉर्म कधीच भरून टाकलेले होते.

त्याच सत्रात कळलं की बँकेचं तसं नाही. अर्थ मंत्रालयानं २८ ऑगस्ट २०२४ ला स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांनी संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी नेमायला कसलीही आडकाठी नाही. तेव्हा बँकेच्या काउंटरवर कोणी नाक मुरडलं तर हा दाखला द्या. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं लग्नाचा हक्क दिला नाही, त्यामुळे जिथे जिथे ‘पती किंवा पत्नी’ लिहिलंय तिथे आपण बाहेर. कंपनीचा मेडिक्लेम मात्र कंपनीच्या करारातला विषय आहे आणि करार युनियन करते. तिथे जोर लावता येतो, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं.

ब्रिटनचा इतिहास सांगणारं सत्र अर्ध्या तासाचं होतं, त्याला एक तास द्यायला हवा होता. १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपात लंडनच्या समलिंगी मंडळींनी मदतीचे डबे फिरवून पैसे जमवले आणि वेल्समधल्या संपकऱ्यांना पाठवले. १९८५ च्या लंडनच्या प्राइड मोर्च्यात खाणकामगार आपले बॅनर घेऊन चालले. त्याच वर्षी लेबर पक्षाच्या परिषदेत समलिंगी हक्कांचा ठराव मंजूर झाला, त्यामागे खाणकामगारांच्या युनियनची मतं होती. आज तिथली टीयूसी, म्हणजे तिथल्या युनियनांचा महासंघ, दरवर्षी अशा सभासदांची परिषद भरवते. माझ्या शेजारी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधले एक फिटर काका बसले होते. गिरणी संपात त्यांच्या वडिलांनी नोकरी गमावली होती. ते एवढंच म्हणाले, “संपात जो डबा भरतो तो आपला.”

बायकांची वेगळी बैठक जेवणाच्या सुट्टीत कोंबली होती, ते मला आवडलं नाही. आम्ही मोजक्याच होतो, तरी ताट हातात धरून रात्रपाळीची गाडी आणि घरच्यांचा लग्नाचा लकडा यांवर बोलायचं म्हणजे काय? पुढच्या वर्षी तिला स्वतंत्र वेळ द्या. जेवण मात्र चांगलं होतं. भरली वांगी, चपात्या, वरण-भात, गोडाला शिरा. बनवलं होतं कोपरखैरणेच्या एका बचत गटानं.

आणि कंत्राटी कामगार कुठे होते? आमच्याच कंपनीत पॅकिंगला दोन मुलं आहेत, मला माहीत आहेत. रविवारी त्यांना पाळी असते, खाडा केला तर रोज बुडतो. १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी सुरू झाली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती मिळवून दिली. तो रविवार या मुलांपर्यंत अजून आलेला नाही. महासंघानं त्यांचा बुडालेला रोज भरून द्यावा, असं मी शेवटच्या सत्रात मांडलं, अनुमोदनही मिळालं.

ठराव हात वर करून झाले. मेडिक्लेममध्ये ‘जोडीदार’ हा शब्द यावा, हा पहिला. दुसरा तक्रारींचा: २०१३ च्या कायद्यातली लैंगिक छळाची तक्रार बाईच करू शकते, म्हणून कंपनीच्या नियमांत पुरुष आणि ट्रान्स कर्मचाऱ्यांसाठीही तशीच वाट असावी. दोन्ही एकमतानं मंजूर झाले आणि आमच्या पुढच्या मागणीपत्रात जाणार आहेत.

माझ्याकडून पाचपैकी चार. जाणार असाल तर पीएफच्या यूएएन पोर्टलवरून स्वतःच्या ई-नॉमिनेशनची प्रत काढून न्या. तिथे बसलेले सल्लागार ती ओळीओळीनं तपासून देतात आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत.