गिरणाऱ्याच्या द्राक्षमळ्यातला नाताळ : मुक्काम उत्तम, ‘पॅकेज’ टाळावे

नाताळ ते नववर्ष या आठवड्यात नाशिकमध्ये खोली मिळवणे आता दिवाळीच्या सुट्टीइतकेच अवघड झाले आहे. शहरातली हॉटेले भरली की मुंबई-पुण्याची मंडळी गंगापूर धरणाच्या आणि गिरणाऱ्याच्या बाजूला वळतात आणि तिथल्या द्राक्षबागायतदारांनी घरालगत बांधलेल्या चार-सहा खोल्यांना त्या दिवसांत हॉटेलचा भाव येतो. अशाच एका मळ्यातल्या मुक्कामाबद्दल हे परीक्षण आहे. मी नाशिकचीच, माझी कॉलेजातली मैत्रीण वसईची. घरचा नाताळ आटोपून, पाहुण्यांची वर्दळ ओसरल्यावर ती इकडे आली आणि आम्ही दोघींनी नवरे-मुले मागे ठेवून ही सुट्टी घेतली. मळ्याचे नाव देत नाही, कारण जे खटकले ते मालकांना तोंडावर सांगून झाले आहे आणि त्यातले बरेचसे या परिसरातल्या इतर ठिकाणांनाही लागू पडणारे आहे. माझे मत आधीच सांगते : हे ठिकाण शेतकऱ्याचे घर म्हणून वागते तेव्हा फार चांगले आहे, आणि रिसॉर्ट होऊ पाहते तेव्हा कंटाळवाणे आणि महाग.

खोली साधी आहे. जाड भिंती, शहाबादी फरशी, दोन स्वतंत्र पलंग (दोन मैत्रिणी मुक्कामाला येणार म्हटल्यावर हे कुणाला तरी सुचले, याचे कौतुक वाटले), आणि दार उघडताच समोर बागेच्या सरी. गरम पाण्यासाठी सौर बंब आहे. डिसेंबरच्या अखेरीस त्याचे पाणी सकाळी सातला जेमतेम कोमट असते आणि नऊनंतर खरे तापते. पण मागितल्यावर चुलीवरचे पाणी बादलीने आणून मिळाले. पांघरुणे मात्र पुरेशी नव्हती. नाशिक जिल्ह्यातली थंडी मुंबईकरांना बातम्यांतून ठाऊक असते. निफाडचा पारा एक आकडी झाला की राज्यभर त्याचे मथळे होतात. गिरणाऱ्याकडची पहाटही त्याच जातीची असते. इथे एकेक पातळ ब्लँकेट ठेवणे म्हणजे पाहुणे रात्री उठून मागतील हे गृहीत धरणे होय. मागितल्यावर गोधडी मिळाली आणि ती इतकी उबदार होती की ती आधीच का दिली नाही, हा प्रश्न पडला.

या मुक्कामातला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे मालकांबरोबरचा सकाळचा बागेतला फेरफटका, आणि त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत. नाशिकला द्राक्षे बघायला येणाऱ्या बहुतेकांचा ऋतूचा हिशेब चुकतो. इथे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते : एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता, बहुतेक बागांत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गोड्या बहाराची छाटणी. या दुसऱ्या छाटणीनंतर साधारण चार महिन्यांनी माल काढणीला येतो. म्हणजे दिवाळीत आलेल्या पाहुण्याला काड्या आणि कोवळी फूट दिसते, तर नाताळात हिरवे, कडक, दातांना आंब आणणारे मणी. घड तोडून खाण्याची हौस असेल तर फेब्रुवारीत यावे. मैत्रिणीने एक मणी चाखून तोंड वाकडे केले, तेव्हा मालक हसून म्हणाले, “ताई, अजून मण्यात पाणी उतरायचंय. पाणी उतरलं की मग साखर भरायला लागते.” न्याहारीच्या ताटात मात्र गोड द्राक्षे होती. ती या बागेतली नव्हेत, बागलाणातली, हे त्यांनी विचारण्याआधीच सांगितले. सटाण्याकडे काही बागायतदार भर पावसाळ्यात छाटणी करण्याची जोखीम पत्करून लवकरचा माल घेतात, त्यामुळे डिसेंबरच्या बाजारात त्यांची द्राक्षे असतात. दुसऱ्याचा माल आपला म्हणून खपवण्याचा मोह न करणारा यजमान मला पहिल्याच सकाळी विश्वासाचा वाटला.

त्या फेरफटक्यात जे कळले, ते कुठल्याही माहितीफलकावर नसते. थॉमसन (हिरवी) आणि शरद सीडलेस (काळी) या द्राक्षजातींच्या सरी शेजारी-शेजारी असल्यामुळे पानांतला आणि घडांतला फरक ओळखायला शिकता आला. दाट घडांतले काही मणी कात्रीने काढून टाकायची विरळणी का करतात, मणी लांबट व्हावा म्हणून घड संजीवकाच्या, म्हणजे वाढीला चालना देणाऱ्या द्रव्याच्या, द्रावणात कसे बुडवतात, हे त्यांनी दाखवले. निर्यातीच्या घडांना पुढे वर्तमानपत्राचे कागद गुंडाळले जातात, कारण रात्रीच्या गारठ्याने हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा आली की परदेशी खरेदीदार तो माल नाकारतो. पारा फार उतरला तर मणी तडकू नयेत म्हणून बागेच्या कडेने पहाटे शेकोट्या पेटवतात. आम्हाला जी थंडी मौजेची वाटत होती, ती या घराच्या वर्षभराच्या कमाईवर टपून बसलेली असते, हे ऐकल्यावर शेकोटीभोवतीच्या आमच्या गप्पांचा सूर थोडा बदलला. एक सूचना मात्र मालकांना करावीशी वाटते. फवारणी चालू असलेल्या सरींत पाहुण्यांची मुले मोकळी हिंडत होती. तिथे दोरी बांधून मज्जाव करायला काहीच खर्च येत नाही.

जेवणाबद्दल हात आखडता घेऊन लिहिणे अन्यायाचे ठरेल. स्वयंपाकघर वहिनींच्या हाती आहे, आणि त्यांनी आमच्यासमोर पनीर बटर मसाला ठेवला नाही यासाठी मी त्यांची आजन्म ऋणी आहे. पहिल्या रात्री बाजरीची भाकरी, सोलाण्याची आमटी, चुलीत भाजलेल्या वांग्याचे भरीत आणि लसणाचा ठेचा होता. सोलाणे म्हणजे ओला हरभरा. तो याच दिवसांत मिळतो आणि त्याच्या आमटीला काळ्या मसाल्याचा जो खमंगपणा येतो, तो वाळलेल्या डाळीच्या आमटीला येत नाही. सकाळी मिसळ. नाशिकच्या मिसळीवर इतके लिहून झाले आहे की नव्याने भर घालण्याची गरज नाही. मात्र या घरची मिसळ मटकीला मान देणारी आहे, शहरातल्या काही ठिकाणांसारखी ती तर्रीत बुडवून मटकीचा शोध घ्यायला लावत नाही. सोबत भाजलेला पापड आणि दही. जिलेबी विकतची होती आणि तशीच लागली. मैत्रिणीने घरून आणलेल्या नाताळच्या नेवऱ्यांचा डबा वहिनींनी उघडून बघितला, एक चाखली आणि “ही तर आमची करंजीच की,” म्हणत सारणात काय घातले आहे याची बारीक चौकशी सुरू केली. दोघींचे सारणाच्या ओल्या-सुक्या खोबऱ्यावरून जे रंगले, ते संपेपर्यंत चहा दोनदा झाला.

आता ‘पॅकेज’ची बाजू. साध्या दिवशी ३,२०० रुपयांना मिळणारी खोली नाताळच्या आठवड्यात ४,८०० रुपयांना दिली जाते. मागणी वाढली की भाव चढतो, हे द्राक्षे विकणाऱ्याला कुणी शिकवायला नको, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती प्रत्येक पाहुण्यावर लादलेल्या १,२०० रुपयांच्या ‘सेलिब्रेशन डिनर’ची. त्याचा उल्लेख आरक्षणाच्या वेळी झाला नव्हता. आल्यावर हातात छापील कागद ठेवण्यात आला. त्या जेवणात नूडल्स, मांचुरियन, बाहेरून मागवलेला केक आणि लाल टोप्या होत्या. वहिनींची भाकरी त्या रात्री बंद. ज्या घरात इतके उत्तम जेवण रोज शिजते, त्या घराने सणाच्या रात्री कंत्राटदाराचे जेवण जास्त दराने वाढावे, हा उफराटा न्याय कुणाला सुचला कोण जाणे. मैत्रीण खरा नाताळ करून आलेली, तिला त्या प्लास्टिकच्या झाडाशेजारी उभे राहून फोटो काढण्याचा आग्रह झाला, तेव्हा तिने तो अत्यंत सभ्यपणे नाकारला.

ध्वनिवर्धकाचे काय सांगावे! डीजे साडेअकरापर्यंत चालू होता, आणि ती रात्र एकतीस डिसेंबरची नव्हती. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. वर्षातल्या मोजक्या सणांच्या दिवशीच राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकते. मी कार्यालयात जाऊन हे शांतपणे सांगितले. आवाज कमी झाला, बंद झाला नाही. मालकांचा मुलगा म्हणाला, “मावशी, पुण्याची पार्टी आहे, त्यांनी त्यासाठीच पैसे भरलेत.” त्याची अडचण मला कळते. सहा खोल्यांपैकी चार एकाच गटाने घेतल्या की उरलेल्या दोन खोल्यांतल्या पाहुण्यांना कुणी विचारत नाही. तेव्हा आरक्षण करताना त्या तारखांना मोठा गट आहे का, हे स्पष्ट विचारावे आणि असल्यास तारीख बदलावी.

मळ्याबाहेर फिरण्यासाठी यजमानांनी दिलेली गाडी आणि चालक दोन्ही चोख होते, दरही आधी ठरवून सांगितला गेला. एका पहाटे आम्ही नांदूर मध्यमेश्वरला गेलो. गिरणाऱ्याहून ते उलट्या टोकाला, निफाड तालुक्यात आहे, त्यामुळे अंधारातच निघावे लागते. पण गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या त्या पाणथळीवर हिवाळ्यात जे दिसते, त्यासाठी झोप मोडायला हरकत नाही. २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, आलेले महाराष्ट्रातले हे पहिले ठिकाण. चापडगावच्या बाजूने निरीक्षण मनोऱ्यापर्यंत जाता येते. चक्रवाक, जांभळ्या पाणकोंबड्या आणि रंगीत करकोचे आम्हाला सहज दिसले. दुर्बीण आपली न्यावी. वाइनरीच्या टेस्टिंगला आम्ही गेलो नाही. त्या आठवड्यात तिकडच्या रस्त्यावर वाहनांच्या ज्या रांगा लागतात, त्या बघूनच उत्साह मावळतो. वाइनची द्राक्षेही जानेवारी ते मार्च या काळातच काढली जातात, त्यामुळे ज्यांना ते काम बघायचे आहे त्यांनी नाताळात येऊन उपयोग नाही.

शहरातला अर्धा दिवस मात्र माझ्या मैत्रिणीमुळे वेगळा झाला. शरणपूरच्या चर्चमध्ये तिला जायचेच होते. चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वसवलेल्या या वस्तीत गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुले शिकत होती, आणि आफ्रिकेत फिरलेले प्रसिद्ध मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचा मृतदेह आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांतला जेकब वेनराइट हा नाशिकला शिकलेला होता. तिथून आम्ही गोदाकाठी नारोशंकराच्या मंदिरापाशी उतरलो. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांकडून आलेली घंटा म्हणून तिथली घंटा ओळखली जाते, आणि गोदेचा पूर कुठवर चढला याची नाशिककरांची मोजपट्टीही तीच. वसईकरीण बराच वेळ मान वर करून बघत राहिली, मग म्हणाली, “परत कधी देताय?” माझ्याकडे उत्तर नव्हते. चालकाने मात्र “ताई, पावसाळ्यात या, तेव्हा पाणीच घेऊन जाईल एखाद वेळी,” असे सांगून वाद मिटवला.

येण्याच्या मार्गाबद्दल एक उपयुक्त बाब : जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून भिवंडीकडून येणाऱ्यांना कसारा घाट टाळता येतो. सुट्टीच्या दिवशी घाटातल्या ट्रकमागे अडकणे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना टोलचे पैसे जड वाटणार नाहीत. पुढे इगतपुरीपासून नाशिकपर्यंत जुनाच महामार्ग आहे आणि तिथे वेळ हाताशी ठेवावा. रेल्वेने येणार असाल तर नाशिकरोड स्थानक शहराच्या दुसऱ्या टोकाला असल्याने गिरणाऱ्यापर्यंतच्या गाडीची सोय यजमानांकडूनच करून घ्यावी. रात्री उशिरा स्थानकाबाहेर रिक्षावाल्यांशी भाव ठरवण्यात सुट्टीची सुरुवात होऊ नये.

पुन्हा जाणार का, असे विचाराल तर जाईन, पण फेब्रुवारीतल्या एखाद्या आडवारी, आणि मैत्रिणीला घेऊनच. ज्यांना नाताळातच जायचे आहे त्यांनी सव्वीस ते एकोणतीस डिसेंबरमधल्या कामाच्या दिवशी यावे, सणाच्या जेवणाची सक्ती आहे का हे आरक्षणाआधी लेखी विचारून घ्यावे आणि बागेच्या बाजूची, स्वयंपाकघरालगतची खोली मागावी. पोहण्याच्या तलावाजवळच्या खोल्यांपर्यंत डीजेचा आवाज थेट पोचतो. हुरडा हवा असेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत वहिनींना सांगावे लागते, कारण ज्वारीची कणसे सिन्नरकडून मागवावी लागतात.