जीटीए आरपी सर्व्हर, सात-आठ महिन्यांचा अनुभव : खेळ उत्तम, पण गटाच्या हजेरीचा नियम डोकं फिरवतो

जीटीए आरपी म्हणजे जीटीए गेमच्या शहरात ड्रायव्हर, पोलीस, डॉक्टर असं एखादं कॅरेक्टर घेऊन ते इतरांबरोबर ऑनलाइन वठवायचं (रोलप्ले). त्यासाठीचं फाइव्हएम हे सॉफ्टवेअर कसं टाकायचं, प्रवेशासाठी व्हाइटलिस्टचा फॉर्म कसा भरायचा, माइक कुठला चांगला, हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही. सर्व्हरचं नावही देत नाही. चालवणारी पोरं नोकऱ्या सांभाळून रात्री जागतात, त्यांच्यावर कुणी तुटून पडावं अशी माझी इच्छा नाही. बोलायचंय ते गटांच्या (म्हणजे मिळून एकच धंदा किंवा नोकरी खेळणाऱ्यांच्या) 'ॲक्टिव्हिटी'च्या, म्हणजे हजेरीच्या नियमाबद्दल. जानेवारीत त्या नियमानं आमच्या गटाला पहिला स्ट्राइक, म्हणजे ताकीद दिली आणि तेव्हापासून तो माझ्या डोक्यातून जात नाही.

बाकीचं पटकन सांगतो. लॅग फारसा नाही, रविवारच्या गर्दीतही नाही. पोलिसांचा गट जबरदस्त आहे, चलान फाडतानासुद्धा कॅरेक्टर सोडत नाहीत. गाड्यांचे मॉड (गेममध्ये वरून घातलेल्या गाड्या) जड आहेत, रॅम १६ जीबीपेक्षा कमी असेल तर शहरात शिरताना गेम अडखळतो. सर्व्हरवर शिरायची रांग लांब असते म्हणून मी रांगेत पुढे नेणारा प्रायोरिटी पास घेतला, महिन्याला ३९९ रुपये. आमच्या घरी एवढ्या पैशाचाही हिशोब द्यावा लागतो, त्यामुळे त्या पैशाचं मला काय मिळतं हे मी बारकाईनं बघतो.

आता नियम. दर १४ दिवसांनी हिशोब होतो. गटात किमान ६ जण ॲक्टिव्ह पाहिजेत, आणि ॲक्टिव्ह म्हणजे त्या १४ दिवसांत प्रत्येकाचे ड्युटीवरचे ८ तास भरलेले पाहिजेत. कमी पडले की स्ट्राइक. दुसऱ्या स्ट्राइकला गट बंद. गॅरेज जातं, रेडिओचं चॅनल जातं, गाड्या सर्व्हरकडे जमा. तास मोजायचं काम बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) करतो, आणि त्याला 'ड्युटी ऑन' आणि 'ड्युटी ऑफ' याशिवाय काही कळत नाही.

आमचा गट ट्रान्सपोर्टचा. गेमच्या नकाशावरच्या ला मेसाला गॅरेज, पॅलेटो बेपासून बंदरापर्यंत माल पोचवायचा. आठ-नऊ जण, बहुतेक सोलापूरचे, एक बार्शीचा, एक पुण्यात आयटीत. एक अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतो, एक नवी पेठेत मेडिकलच्या काउंटरवर असतो. कुणीच दहाच्या आत मोकळा होत नाही. त्यातून पाणी यायचा दिवस असला तर खेळ अर्ध्यात सोडून मोटर लावायला पळावं लागतं, कारण आमच्याकडे पाणी रोज येत नाही, आणि येतं तेव्हा वेळ बघून येत नाही. "पाणी आलंय, ट्रक धर रे" हे वाक्य आमच्या रेडिओवर इतक्यांदा ऐकू येतं की बाकीचे गटही आता ओळखतात.

जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा. सोलापूरकराला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो : संक्रांतीच्या आसपासचे ते चार-पाच दिवस गाव दुसरं काही करत नाही. सात नंदीध्वज निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, मग होम, मग शोभेचं दारूकाम, शिवाय गड्ड्यावरची जत्रा पुढे बरेच दिवस चालते. आमच्यातला एक जण स्वतः नंदीध्वज पेलतो, बाराबंदी घालून. त्याचा सराव आधीपासूनच सुरू असतो. तो त्या दिवसांत कॉम्प्युटरसमोर बसणार कसा? उरलेल्यांच्याही घरी पाहुणे. हिशोबाच्या दिवशी आमचे चौघेच भरले. स्ट्राइक.

मी टिकीट (ॲडमिनकडे लेखी तक्रार) टाकलं, यात्रेचं कारण लिहिलं. उत्तर आलं, "नियम सगळ्यांना सारखा आहे, भाई." त्या रात्री मी या सर्व्हरला पाचपैकी दोन दिले होते. ३९९ रुपये भरून मी रांगेत पुढे जातो, आणि ज्या गटासाठी जातो तोच गट हे लोक बंद करणार, हे मला मुळीच पटलं नव्हतं.

फेब्रुवारीत मात्र माझं मत बदललं. आम्हाला मोठे ट्रक लावायला बंदराजवळचं गोदाम हवं होतं. ते एका जुन्या टोळीकडे होतं आणि त्या टोळीचं कुणीच कधी दिसायचं नाही. दार बंद, रेडिओ शांत, तरी जागा अडकलेली. याच नियमानं त्या टोळीला दुसरा स्ट्राइक बसला, गोदाम सुटलं, आम्ही अर्ज केला आणि आम्हाला मिळालं. मी आधी ज्या सर्व्हरवर होतो तिथं असा नियमच नव्हता. यादीत गट भरपूर, संध्याकाळी प्रत्यक्ष जाऊन बघावं तर गॅरेजला कुत्रं नाही. नवा खेळाडू चार दारं ठोठावतो आणि निघून जातो. गेममधल्या लॉस सँटोस शहराचा नकाशा आहे तेवढाच राहणार, त्यातली गोदामं, गल्ल्या, धंदे मोजकेच. मेलेल्या गटाकडून जागा काढून घेतलीच पाहिजे. यावर माझं आता दुमत नाही.

वाद आहे तो काय मोजायचं यावर. इथं सोलापुरात यंत्रमागावर मजुरी नगावर मिळते, कामगार किती तास मागापाशी उभा होता यावर नाही. बॉट उलटं करतो. एक प्रसंग सांगतो. गेममधल्या रूट ६८ या रस्त्यावर आमच्या ट्रकचा ब्रेक निकामी झाला, असं त्या ड्रायव्हरनं स्वतःहून ठरवलं, आणि ट्रक समोरच्या गाडीवर नेऊन घातला. त्या गाडीतला माणूस जखमी. आमच्या पोरानं ड्युटी ऑफ केली, कारण अपघात केलेला ड्रायव्हर ड्युटीवर कसा राहील? मग पिलबॉक्स हिलच्या हॉस्पिटलात तो त्या जखमी माणसाच्या खाटेशेजारी बसून राहिला. डॉक्टर आले, पोलीस आले, जबाब झाला, त्या माणसाची बहीण म्हणून खेळणारी मुलगी येऊन याच्यावर ओरडली, हा खाली मान घालून "ताई, गाडी माझ्याच हातात होती" एवढंच म्हणत होता. चार गटांची माणसं एका खोलीत, मध्यरात्र उलटेपर्यंत. इतका चांगला आरपी मी तरी दुसरा पाहिलेला नाही. बॉटच्या वहीत त्याचे तास : शून्य.

आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या एका गटाचे तिघे गॅरेजमध्ये ड्युटी ऑन करून उभे होते. एएफकेमध्ये (खेळाडू जागेवर नाही म्हणून) बाहेर फेकले जाऊ नये म्हणून ऑटोक्लिकर (आपोआप क्लिक करणारा प्रोग्राम) लावलेला, कॅरेक्टर जागच्या जागी अर्धं पाऊल पुढे, अर्धं मागे. मी हाक मारली, उत्तर नाही. त्यांचे तास भरले.

हे दुसरीकडे कसं करतात ते बघण्यासारखं आहे. फायनल फॅन्टसी १४ या ऑनलाइन गेममध्येही घरांच्या जागा मोजक्याच, म्हणून तिथंही नियम कडक : ४५ दिवस घरात कुणी पाऊल टाकलं नाही तर घर आपोआप पाडलं जातं. पण फ्री कंपनीच्या, म्हणजे गटाच्या घरात कुठलाही एक सदस्य जाऊन आला तरी चालतं, प्रत्येकाची हजेरी लागत नाही. आणि २०२० मध्ये कोविड आला तेव्हा त्यांनी घरं पाडणं काही काळ थांबवलं होतं. एवढी मोठी कंपनी जगाकडे बघून नियम बाजूला ठेवू शकते, तर शे-दोनशे माणसांच्या सर्व्हरला यात्रेचे पाच दिवस का जड जावेत?

एप्रिलमध्ये सुधारणा झाली, ती मोकळेपणानं सांगतो. गटाला तीन महिन्यांतून एकदा, आधी अर्ज करून, एका हिशोबाची रजा मिळते. शिवाय रेकॉर्ड केलेला प्रसंग पाठवला आणि ॲडमिनना पटला तर दोन सदस्यांचे तास माफ होतात. हॉस्पिटलसारखे प्रसंग आता वाया जात नाहीत. मी दोनाचे साडेतीन केले. बार्शीवाला म्हणतो चार दे, पण मे महिना बघून मी हात आखडला. वळवाचा पाऊस, वादळ, लाईट गेली की राउटर बंद, इन्व्हर्टरवर पंखा चालवायचा की पीसी? घरचे काय म्हणणार ते उघड आहे. रजेचा अर्ज आधी करायचा असतो, आणि लाईट आधी सांगून जात नाही. पुन्हा आम्ही काठावर आलो, शेवटच्या रात्री दोघांनी जागून तास भरले. खेळले नाहीत, नुसते भरले. एक जण सकाळी कारखान्यात पेंगत होता.

माझं मागणं टिकिटात लिहून दिलेलं आहे : माणशी तास काढा, गटाचे १४ दिवसांतले प्रसंग मोजा, त्यात दुसऱ्या किमान एका गटाची माणसं असावीत अशी अट घाला. ऑटोक्लिकरनं प्रसंग घडत नाही. टिकीट अजून उघडं आहे. प्रायोरिटी पास मी मेमध्ये बंद केला, तासांचा हिशोब गेला की परत घेईन. तोवर रांगेत थांबतो.

आमच्याकडे ड्रायव्हरची एक जागा रिकामी आहे. मराठी बोलणारा, रात्री दहानंतर येणारा कुणीही चालेल. पाणी आलं की ट्रक दुसऱ्याच्या हाती देऊन जायला आमच्यात मुभा आहे.