हळदीच्या पेवावरचा भयपट : नटाच्या बाजूने एक अभिप्राय

ओटीटीसाठी कमी खर्चात भयपट तयार करणाऱ्या एका निर्मिती संस्थेने गेल्या गळीत हंगामात सांगलीजवळच्या हरिपूर परिसरात चित्रीकरण केले आणि त्या चित्रपटात मी दिवाणजीची भूमिका केली. हीच संस्था आता पुढच्या चित्रपटासाठी सांगली-मिरजेतील हौशी नटांना विचारणा करीत आहे. तिच्याकडे काम करताना नटाच्या वाट्याला काय येते, हे होकार देण्यापूर्वी त्यांना माहीत असावे म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे. संस्थेचे नाव देत नाही, कारण मला बोलायचे आहे ते कामाच्या पद्धतीबद्दल.

कथेची कल्पना चांगली होती आणि केवळ तिच्यामुळे मी भूमिका स्वीकारली. जमिनीत खणलेल्या पेवांत हळद साठवण्याची हरिपूरची पद्धत जुनी आहे. पेवाचे तोंड अरुंद आणि पोट मोठे असते, आत हवा खेळत नाही आणि त्यामुळे हळदीला कीड न लागता ती वर्षानुवर्षे टिकते. 2005 च्या महापुरात पाणी शिरून या पेवांची मोठी हानी झाली, तरीही त्यांची आठवण या भागात पक्की आहे. अडत दुकानाच्या हिशेबातली चोरी झाकण्यासाठी मालक आपल्या दिवाणजीला पेवात उतरवतो आणि वरून झाकण बसवतो, एवढीच ती कथा. ही भीती इथल्या मातीतली आहे आणि सांगलीच्या प्रेक्षकाला ती समजावून सांगावी लागत नाही. असे बीज हाती असताना चित्रपट वाईट झाला, याचे मला मनापासून दुःख आहे.

सर्वांत गंभीर तक्रार सुरक्षिततेची आहे. एका जुन्या, वापरात नसलेल्या पेवात मला प्रत्यक्ष उतरवायचे, असे दिग्दर्शकाने ऐन वेळी ठरवले. बंद पेवात प्राणवायू कमी होतो आणि हवेपेक्षा जड असलेला कार्बन डायऑक्साइड तळाशी साचून राहतो. त्याला वास नसतो, रंग नसतो आणि उतरलेल्या माणसाला हाक मारण्याइतकाही अवधी मिळेल याची खात्री नसते. पूर्वी पेवांवर काम केलेले एक वृद्ध हमाल चित्रीकरण पाहायला आले होते. तोंड आधी बराच वेळ उघडे ठेवायचे, मग पेटता कंदील दोरीने खाली सोडायचा आणि ज्योत मंदावली तर कोणीही उतरायचे नाही, ही जुनी रीत त्यांनी सर्वांसमोर सांगितली. खरे तर आज कंदिलावरही विसंबून चालत नाही, हवा मोजणारे उपकरण आणि वर दोर धरून उभी असलेली जाणती माणसे हवीत. त्यांचे बोलणे ऐकून घेतल्यावर दिग्दर्शकाकडून मला मिळालेले उत्तर असे होते, ‘‘काका, दोन मिनिटांचा तर शॉट आहे.’’ मी उतरण्यास नकार दिला. शेवटी वाड्याच्या परसातील कोरड्या हौदाला माती लिंपून, वर लाकडी झाकण धरून तो प्रसंग घेण्यात आला आणि संपूर्ण चित्रपटात अंगावर काटा आणणारा तेवढाच एक प्रसंग आहे. कारण त्या दुपारी, नाइलाजाने का होईना, सगळ्यांनी थांबून विचार केला होता.

बाकीच्या चित्रीकरणात असा विचार क्वचितच दिसला. भयपटात नट बहुतेक वेळा समोर नसलेल्या गोष्टीकडे पाहत असतो, त्यामुळे त्याची नजर नेमकी कुठे जावी हे आधी ठरवून द्यावे लागते. काठीला चिकटपट्टी लावून ती त्या उंचीवर धरली तरी काम भागते. येथे मात्र ‘‘तिकडं बघून घाबरायचं, भूत नंतर कॉम्प्युटरवर येईल’’ एवढीच सूचना असे. परिणामी एकाच प्रसंगात माझी नजर दाराच्या चौकटीवर आहे, माझ्या पुतण्याचे काम करणाऱ्या मुलाची जमिनीवर आहे, आणि नंतर बसवलेले भूत या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी उभे आहे. आम्ही दोघे खोटे वाटतो, आणि ते आमच्या अभिनयामुळे वाटत आहे असे पाहणाऱ्याला वाटणार.

रंगभूषेची कथा याहून वेगळी नाही. मेलेल्या दिवाणजीच्या अंगावर आणि धोतरावर हळदीची पूड असावी, ही कल्पना उत्तम होती. परंतु रंगभूषाकार एकाच दिवशी आला आणि पुढच्या दिवसांत हे काम स्पॉटदादांवर सोपवले गेले. हळद चुना किंवा साबण यांसारख्या अल्कधर्मी पदार्थाच्या संपर्कात आली की लाल होते, कुंकू याच गुणावर तयार होते. धोतर रात्री धुण्याच्या साबणाने धुतले गेले, त्यावरचे पिवळे डाग तांबूस झाले आणि ते तसेच दुसऱ्या दिवशी मला नेसवण्यात आले. कंटिन्युइटीची, म्हणजे आधीच्या दृश्यातला वेश आणि वस्तू पुढच्या दृश्यात तशाच आहेत ना याची, नोंद ठेवणारे कोणी नव्हते, आदल्या दिवशीचा मोबाइलवरचा एक फोटोही नव्हता. त्यामुळे पडद्यावर दिवाणजी दार उघडतो तेव्हा पिवळा आहे आणि उंबरा ओलांडतो तेव्हा लालसर.

आवाजाबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण भयपटाचा अर्धा जीव आवाजात असतो. गळीत हंगाम चालू होता आणि मागच्या रस्त्यावरून रात्रभर मोठ्या आवाजात गाणी लावलेले उसाचे ट्रॅक्टर जात होते. त्यात आपलाच जनरेटर वाड्याच्या भिंतीला लागून ठेवलेला. जागा पाहायला कोणी एकदा रात्री आले असते, तर हे सहज लक्षात आले असते. सर्व संवाद पुढे डबिंगमध्ये घ्यावे लागले आणि तेही चित्र न दाखवता, केवळ कागदावरून वाचून घेण्यात आले. त्या वाड्याची स्वतःची शांतता, कौलांची कुरकुर, नदीकडून येणारा वारा यांतले काहीही ध्वनिमुद्रित केलेले नाही. त्यांच्या जागी इतरत्र वापरलेला तयार किंचाळीचा आवाज आहे.

प्रत्येक उणिवेवर संस्थेचे उत्तर एकच होते, ते म्हणजे बजेट नाही. हे कारण मला मान्य नाही. सांगलीतून राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारे हौशी संघ शाळेच्या वर्गात खडूने रंगमंचाच्या रेषा आखून तालमी करतात, प्रत्येक वस्तूची जागा वहीत लिहितात आणि पदरचे पैसे घालून प्रयोग उभा करतात. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात मराठी नाटकाची सुरुवात केली, त्या गावात तयार नट स्वस्तात मिळतात हे या संस्थेने ओळखले. ते तयार कसे होतात, हे मात्र तिने पाहिले नाही. संहितेचे एकही वाचन न घेता चित्रीकरण सुरू झाले, आणि वाचनाला चहापलीकडे खर्च येत नाही.

चांगल्या बाजूही सांगितल्या पाहिजेत. जेवण वेळेवर आणि ताजे मिळाले, महिला कलाकारांच्या राहण्याची सोय नीट होती आणि रात्री त्यांना घरी पोहोचवण्यासाठी गाडी असे. तरुण कॅमेरामन मेहनती आहे. एका कंदिलाच्या उजेडात त्याने घेतलेली ओसरीवरची दृश्ये पाहता, चांगल्या दिग्दर्शकाच्या हाताखाली तो उत्तम काम करील, अशी माझी खात्री आहे.

मानधनाचा पहिला हप्ता ठरल्याप्रमाणे मिळाला, उरलेल्यासाठी मात्र वारंवार फोन करावे लागले आणि डबिंगचे काम मूळ रकमेतच धरले गेले. नव्याने विचारणा झालेल्या नटांनी पूर्ण संहिता आधी मागावी, डबिंगचे मानधन आणि रात्रीच्या कामाचे तास करारात वेगळे लिहून घ्यावेत. उंचीवरचा, पाण्यातला, आगीजवळचा किंवा बंद जागेतला प्रसंग असेल, तर तो कोणत्या व्यवस्थेने घेतला जाणार हेही त्याच कागदावर असावे. मला दुसऱ्या चित्रपटासाठी फोन आला तेव्हा मी हेच मागितले आहे आणि लेखी उत्तर हाती येईपर्यंत तारखा दिलेल्या नाहीत.