एजंटच्या हाती स्कोप द्यायचा, पण किती?

हिंगणा एमआयडीसीत टेस्टिंग बघणाऱ्या एका मित्राचा गेल्या आठवड्यात फोन आला. "भाऊ, एआय एजंटला स्कोप जोडतो आहे. त्याला सरळ कमांड पाठवू देऊ, की मोजकी टूल्स बनवून देऊ?" स्कोप म्हणजे ऑसिलोस्कोप, विजेच्या सिग्नलची लाट स्क्रीनवर काढून दाखवणारं यंत्र. स्क्रीनवरचे ट्रेस, म्हणजे एकेका चॅनलच्या लाटेच्या रेघा, चालू-बंद करणं, स्केल बदलणं, माप घेणं, एवढंच एजंटचं काम. मी दोन्ही करून बसलो आहे, म्हणून जरा सविस्तर.

पहिला मार्ग एकाच टूलचा. एजंट एससीपीआय (मोजमापाच्या यंत्रांना हुकूम द्यायची ठरलेली भाषा) कमांड लिहितो, पायव्हिसा ही पायथनची लायब्ररी ती लॅनवरून स्कोपला पोचवते, उत्तर परत येतं. वीसेक ओळींचा कोड, संध्याकाळच्या चहाआधी चालू. अख्खं मॅन्युअल एजंटच्या हाताशी येतं, एफएफटी (लाटेतल्या फ्रीक्वेन्सी वेगळ्या काढणं) म्हणा की ट्रिगर (लाट कुठल्या क्षणी पकडायची ती अट). दुखणं असं की एससीपीआय १९९० पासूनचं मानक असलं तरी प्रत्येक कंपनीची बोली वेगळी. पहिला ट्रेस दाखवायला रिगॉलमध्ये 'चॅनल वन डिस्प्ले ऑन', सिग्लेंटच्या बऱ्याच मॉडेलांत 'सी वन ट्रेस ऑन', टेकट्रॉनिक्सच्या बऱ्याच मॉडेलांत 'सिलेक्ट सीएच वन ऑन'. एजंटने सगळ्यांची मॅन्युअलं वाचलेली, त्यामुळे तो बेमालूम खिचडी करतो. चुकीची कमांड गेली की स्कोप बहुतेक वेळा गप्प बसतो. चूक एरर क्यूमध्ये, म्हणजे स्कोपच्या आतल्या चुकांच्या यादीत, पडून राहते आणि ती कुणी विचारतच नाही.

माझी फजिती मात्र बरोबर कमांडने झाली. सोलर स्ट्रीटलाइटचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारं सर्किट) टेबलावर, समोर रिगॉलचा डीएस१०५४झेड. त्यातल्या स्विचिंग नोडवर, म्हणजे स्विच चालू-बंद होतो त्या जागी, ४० मेगाहर्ट्झच्या आसपासचं रिंगिंग (स्विचच्या झटक्याने उठणारी थरथर) मोजायचं होतं. एजंटने 'एकदा सगळं बघून घेऊ' म्हणून चारही ट्रेस चालू केले. तीन चॅनलना प्रोब, म्हणजे सर्किटला टेकवायची मोजणीची वायर, तीसुद्धा नव्हती! या स्कोपमध्ये एक चॅनल चालू असताना सेकंदाला १०० कोटी सॅम्पल (लाटेवरचे मोजलेले ठिपके) मिळतात, दोन असताना ५० कोटी, तीन किंवा चार असताना २५ कोटी. मेमरीही तशीच वाटली जाते. म्हणजे रिंगिंगच्या एका आवर्तनाला २५ ऐवजी जेमतेम सहा ठिपके. टोक कधी हाती लागायचं, कधी निसटायचं, आणि दर वेळी पीकचा आकडा वेगळा. मी कपॅसिटर बदलत बसलो, बाप्पा! ट्रेस दाखवणं म्हणजे नुसती स्क्रीनची सजावट नव्हे, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

म्हणून दुसरा मार्ग: ठरावीक नावांची टूल्स. एमसीपी सर्व्हर लिहायचा (एजंटला बाहेरची टूल्स जोडायचा हा प्रोटोकॉल नोव्हेंबर २०२४ मध्ये आला) आणि त्यात 'ट्रेस दाखव', 'ट्रेस लपव', 'स्केल ठेव', 'माप घे' एवढीच दारं उघडी ठेवायची. मेहनत दोन-तीन दिवसांची. नवं काही लागलं की पुन्हा कोड उघडून बसा. पण 'ट्रेस दाखव'च्या उत्तरातच सध्याचा सॅम्पल रेट परत देता येतो, म्हणजे रेट पडला की एजंटला तिथल्या तिथे कळतं. प्रत्येक कमांडनंतर एरर क्यू आपोआप वाचता येते. कंपनीची बोली सर्व्हरच्या आत राहते. ऑटोसेट (स्कोपने सगळ्या सेटिंग आपल्या मनाने लावणं) आणि रीसेटला तर दारच नाही, त्यामुळे अर्धा तास खपून लावलेला ट्रिगर एका फटक्यात उडत नाही. आणखी एक: माप निघालं नाही तर स्कोप १० च्या ३७ व्या घाताच्या घरातला अवाढव्य आकडा पाठवतो. त्याचा अर्थ 'माप नाही'. सर्व्हरने तो तसाच पुढे ढकलला तर एजंट त्याला व्होल्ट समजू शकतो.

ट्रेसचे सगळे ठिपके एजंटपुढे ओतायची हौस नको. रिगॉल स्क्रीनपुरते १२०० देतो, पूर्ण मेमरीचे लाखोंनी. हिशोब पायथनमध्ये करा, एजंटला आकडे द्या.

स्क्रीनशॉट दाखवण्याचा तिसरा मार्ग जोडीला ठीक, भरवशाला नाही. लाट वेडीवाकडी आहे एवढं एजंट सांगतो, पण चित्रावरून आकडे वाचताना घसरतो. मे महिन्यात मोकळ्या प्रोबवर ५० हर्ट्झची लहर दिसली, तर माझ्या एजंटने सप्लायचा फिल्टर गेल्याचं निदान ठोकलं. प्रोबला शेजारच्या कूलरच्या वायरिंगची ५० हर्ट्झ लागत होती.

मित्राच्या लाइनवर दोन कंपन्यांचे स्कोप आणि शिफ्टला वेगवेगळी माणसं, तेव्हा त्याला दुसरा मार्गच सांगितला. घरी एकच स्कोप, बोर्ड १२ व्होल्टचा आणि शिकायची हौस असेल, तर पहिला खुशाल घ्या. फक्त ऑटोसेट आणि रीसेट अडवा, नि चालू चॅनल किती हे प्रत्येक मापाआधी विचारायला लावा.

प्रोबवरचा १एक्स-१०एक्सचा खटका (सिग्नल जसाच्या तसा की दहापट कमी करून पाठवायचा, हे ठरवणारा) मात्र दोन्ही मार्गांत हाताने तपासावा लागतो. साध्या प्रोबचा तो खटका कुठे आहे हे खुद्द स्कोपलाच दिसत नाही, मग एजंटला काय दिसणार!