बेल बाँड कंपनी: पाचपैकी तीन तारे

‘आमची सेवा कशी वाटली?’ असे सात मेसेज या जामिनाची हमी देणाऱ्या कंपनीकडून आले. आठवा यायच्या आत लिहून टाकते. कंपनीचं नाव घालणार नाही. भाच्याची केस अजून संपलेली नाही, आणि त्याने नेमकं काय केलं किंवा केलं नाही याबद्दल अवाक्षर काढायचं नाही अशी वकिलाची सक्त ताकीद आहे. मारामारीचं कलम आणि फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, म्हणून अटक, एवढंच सांगते.

मी कॅलिफोर्नियात बावीस वर्षं लहान दुकानांचे हिशेब लिहिते. पावती नसलेला खर्च मला झोपू देत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

शुक्रवारी रात्री सव्वाबाराला अनोळखी नंबरवरून फोन आला. रेकॉर्ड केलेला बायकी आवाज म्हणाला, हा फोन काउंटी जेलमधून आहे, संभाषण ध्वनिमुद्रित होत आहे. नेहमीचे लुबाडणारे समजून मी ठेवून दिला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा भाचा म्हणाला, “मावशी, कट करू नकोस. मी आहे.” त्याचा मोबाइल काढून घेतलेला, आणि माझा नंबर बावीस वर्षांत बदललेला नाही म्हणून तेवढाच त्याला पाठ. बायकोचा नंबरही आठवेना. या राज्यात अटकेनंतर तीन तासांच्या आत निदान तीन फोन करू देतात, पण डोक्यात नंबरच नसतील तर त्या तीन फोनांचं करायचं काय?

पुढचा मूर्खपणा दोघांचा. तो म्हणाला, “मराठीत सांगतो, यांना काय कळतंय.” आणि मी म्हणाले, “सांग.” चाळीस सेकंद तो बोलला. सोमवारी वकिलाने हे ऐकून कपाळाला हात लावला. वकिलाशी झालेलं बोलणं सोडलं तर जेलमधला प्रत्येक शब्द सरकारी वकिलाच्या, म्हणजे डी.ए.च्या, हातात जाऊ शकतो. भाषांतर करणारे मिळतात. मराठी समजणारी माणसं इथे काही थोडी नाहीत, निम्मी तर आमच्याच गणपतीला येतात. अशा फोनवर विचारायचं ते कुठे आहेस, बुकिंग नंबर (जेलमधल्या नोंदीचा) काय, औषधं लागतात का. बाकी जेवलास का म्हणायचं आणि ठेवायचं.

आता कंपनी. रात्री एक वाजून पाच मिनिटांनी फोन केला, दुसऱ्या रिंगला उचलला. पहिला तारा तिथेच. एजंटाने नाव आणि जन्मतारीख विचारली आणि तीन मिनिटांत बुकिंग नंबर, कलम आणि जामिनाची रक्कम सांगितली. मला जेलच्या फोनवर अर्धा तास नुसतं संगीत ऐकू येत होतं. रक्कम ५०,००० डॉलर. हा आकडा त्या रात्री कुणी विचार करून ठरवलेला नसतो. प्रत्येक काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, कोर्ट कलमांपुढे रकमा लिहिलेला तक्ता काढतं, त्यातून तो येतो.

पूर्ण ५०,००० तुम्ही स्वतः भरलेत आणि आरोपी प्रत्येक तारखेला हजर राहिला, तर केस संपल्यावर पैसे परत मिळतात. पण रात्री दीड वाजता बँक उघडी नसते, आणि उघडी असती तरी माझ्याकडे तेवढे नव्हते. म्हणून या कंपन्या चालतात. दहा टक्के म्हणजे ५,००० त्यांना द्यायचे, ते कोर्टाला बाँड, म्हणजे हमीपत्र, देतात. हे ५,००० कधीही परत येत नाहीत. डी.ए.ने गुन्हा दाखलच केला नाही तरी येत नाहीत. एजंटाने हे तोंडाने सांगितलं नव्हतं, अर्जात होतं. अर्ज मी पूर्ण वाचला (माझा धंदाच तो), आणि वाचूनही सही केली. त्या सहीने मी इंडेम्निटर झाले. म्हणजे भाचा पळून गेला तर सगळे ५०,००० माझ्याकडून वसूल. एजंटाला परवाना लागतो आणि तो राज्याच्या विमा खात्याच्या वेबसाइटवर तपासता येतो. मी तपासला. चालू होता. दुसरा तारा त्याबद्दल.

बाँड जेलमध्ये पोचला दोन पन्नासला. “दोन-तीन तासांत घरी,” एजंट म्हणाला होता. भाचा बाहेर आला सकाळी अकरा वीसला. उशीर जेलचा, कंपनीचा नव्हे, हे मान्य. सोडण्याआधी दुसरं वॉरंट आहे का ते बघतात, बोटांच्या ठशांचा निकाल बघतात, सामान मोजून देतात, मधेच शिफ्ट बदलते. पण रोज हेच काम करणाऱ्याला ते माहीत असणार ना? मी साडेआठ तास प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, शेजारी एक म्हातारं मेक्सिकन जोडपं. त्यांनी मला थर्मासमधली कॉफी दिली. त्यांचा मुलगा माझ्या भाच्याच्या आधी सुटला. तारा कापला.

आतलं मला भाच्याकडून कळलं, तेही हप्त्याहप्त्याने. पट्टा आणि बुटांच्या नाड्या काढून घेतात. ठसे, फोटो, नर्सचे प्रश्न, आणि फेलनी असल्याने गालाच्या आतून कापूस फिरवून डीएनएचा नमुना. या राज्यात २००९ पासून फेलनीच्या अटकेवरही तो घेतात, शिक्षेची वाट बघत नाहीत. मग एक डिटेक्टिव्ह येऊन अतिशय गोड बोलला. गप्प राहण्याचे आणि वकिलाचे हक्क वाचून दाखवले. भाचा म्हणाला, “मला वाटतं, कदाचित वकील घ्यावा का?” आपला मराठी मध्यमवर्गीय विनय! कोर्टांच्या दृष्टीने हे मागणं धरतच नाहीत. ‘मला वकील हवा आणि मला बोलायचं नाही’ असं सरळ म्हणावं लागतं. नुसतं गप्प बसणंही पुरत नाही, २०१० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तसं म्हटलं आहे. आणि हक्क वाचले नाहीत तर केस रद्द होते हा समज टीव्हीवरून आलेला. पोलिसांनी कोठडीत प्रश्न विचारून मिळवलेली उत्तरं फार तर वगळली जातात, केस चालू राहते.

सोमवारी वकील गाठला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. तो म्हणाला, खाजगी वकील आधी नेमला असेल तर बऱ्याच बाँड कंपन्या दहाऐवजी आठ टक्के घेतात. म्हणजे ४,०००. मी एजंटाला फोन केला. “मॅडम, तुम्ही विचारलं नाहीत.” खरंच विचारलं नव्हतं. कापलेला दुसरा तारा हा. १,००० डॉलर ही रक्कम मी गिऱ्हाइकाच्या वहीत अशीच सोडली असती तर त्याने मला काढून टाकलं असतं.

मग न सोडवता थांबायला हवं होतं का? मी वकिलाला हेच विचारलं. इथे ४८ तासांच्या आत न्यायाधीशासमोर उभं करावं लागतं, पण रविवार आणि सुट्ट्या धरत नाहीत. शुक्रवारी रात्रीची अटक म्हणून आमचं अरेनमेंट, म्हणजे न्यायाधीशासमोरची पहिली हजेरी, मंगळवारपर्यंत गेलं असतं. तिथे जामीन कमी झाला असता किंवा पैसे न भरता निव्वळ हमीवर सुटलाही असता. ऐपत न बघता जामिनाचा आकडा ठेवू नये असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं आहे. पण खात्री कुणी देत नाही, आणि चार रात्री आत म्हणजे सोमवारी कामावर गैरहजर. भाचा एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीवर टिकलेला व्हिसा. शिवाय बाँडवर सुटल्यामुळे आमची तारीख सहा आठवडे पुढे गेली आणि गुन्हा दाखल व्हायच्या आधी वकिलाला डी.ए.शी बोलायला वेळ मिळाला. वकिलाच्या मते आमच्या केसमध्ये सगळ्यात मोलाचं तेच ठरलं. म्हणून तिसरा तारा, थोडा कंपनीचा आणि थोडा नशिबाचा.

व्हिसाचं वेगळं. ठसे एफबीआयकडून होमलँड सिक्युरिटीपर्यंत जातात, त्यामुळे ‘कळणारच नाही’ या आशेत राहू नका. गुन्हा कबूल केला तर देशात राहता येईल का हे सांगणं वकिलाचं घटनात्मक कर्तव्य आहे, २०१० पासून. आमच्या वकिलाने आपणहून एका इमिग्रेशन वकिलाला जोडीला घेतलं. पहिल्या भेटीत हा विषय ज्याच्या तोंडून निघत नाही तो वकील मी घेणार नाही. पैसे नसतील तर पब्लिक डिफेंडर, म्हणजे सरकारी खर्चाने बचावाचा वकील, मिळतो, आणि त्याला कमी लेखू नका. फौजदारीशिवाय तो दुसरं काही करत नाही. भाच्याचा पगार जास्त भरल्याने आम्हाला मिळाला नाही, आणि खाजगी वकिलाला ७,५०० डॉलरचा चेक फाडताना मला त्याच्या पगाराचा रागच आला.

कंपनीचं आणखी एक. दर मंगळवारी भाच्याने ॲपवर स्वतःचा फोटो पाठवून हजेरी द्यायची होती. एकदा मीटिंगमध्ये विसरला. वीस मिनिटांत मला फोन, आणि त्या फोनमध्ये ‘मॅडम’ नव्हतं. तेव्हा कळलं की गिऱ्हाईक कोण आणि तारण कोण.

चार महिन्यांनी डी.ए.ने कलम मिसडिमीनरवर, म्हणजे फेलनीपेक्षा हलक्या गुन्ह्यावर, आणलं, न्यायाधीशाने त्याला हमीवर सोडलं आणि बाँड मोकळा झाला. कंपनीने बाँड मोकळा झाल्याचं पत्र मात्र तीन वेळा मागितल्यावर पाठवलं. ते मागा. ते हातात येईपर्यंत तुमची सही जिवंत आहे असं समजा.

आता माझ्या वहीत ५,००० चा एक खर्च आहे आणि त्याला खातं नाही. भाच्याने ताईला सांगून ठेवलंय की गाडी बिघडली होती, मावशीने पैसे दिले. म्हणून मीही तो ‘वाहन दुरुस्ती’त टाकला. ताई दर रविवारी भारतातून विचारते, “गाडी आता नीट चालते ना गं?”