पालक-प्रशिक्षणाचे आठ महिने

मुलगा साडेचार वर्षांचा, ऑटिझम आहे. आम्ही वडोदऱ्यात दांडिया बाजारला राहतो. स्पीच थेरपी आठवड्यातून दोनदा चालूच आहे. त्याच्या जोडीला आम्ही दोघांनी पालकांचं प्रशिक्षण घेतलं. पंधरा दिवसांनी एक अशा १२ बैठका झाल्या, पुढचे दोन महिने आमचे आम्हीच.

घरी खेळतानाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ न्यायचा आणि थेरपिस्टसोबत बसून बघायचा, एवढंच. पहिल्या व्हिडिओत मी सारखी विचारतेय, "हे काय? रंग कुठला?" आणि तो पाठ फिरवून बसलाय. थेरपिस्टनी एका जागी व्हिडिओ थांबवला. तिथे त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं होतं, आणि मी पुढचं खेळणं शोधत होते. त्या रात्री मला झोप आली नाही.

तेव्हापासून मी प्रश्न बंद केले. त्याच्यासमोर जमिनीवर बसायचं, तो गाडी ढकलेल तेव्हा "गाडी गेली" एवढंच म्हणायचं आणि वाट बघायची. वाट बघणं सगळ्यात अवघड. तो माठापाशी गेला की सासूबाई पेला भरून हातात द्यायच्या. थांबा म्हटलं तर म्हणाल्या, "तहानलेल्या लेकराला ताटकळत ठेवू?" त्यांचं म्हणणं मलाही पटत होतं. पाचव्या बैठकीच्या सुमारास त्याने त्यांचा पदर ओढला, वर पाहिलं आणि "पा" म्हणाला.

आधी एकांनी मराठी बंद करून फक्त गुजराती बोलायला सांगितलं होतं. सासूबाई घरात गप्पच झाल्या होत्या. इथल्या थेरपिस्ट स्वतः गुजराती, पण म्हणाल्या, तुमच्या भाषेतच बोला, दोन भाषांनी ऑटिझम असलेली मुलं आणखी मागे पडतात असं संशोधनात दिसलेलं नाही. माझ्यासाठी सगळी फी यातच वसूल झाली.

अशाच पद्धतीचा अभ्यास गोवा आणि रावळपिंडीत ६५ मुलांवर झाला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं आपणहून पालकांशी संवाद जास्त सुरू करू लागली, पण दोघांचं एकाच गोष्टीत मिळून रमणं मात्र घटलं. आमच्याकडेही मागणं वाढलंय. पुस्तक एकत्र बघणं अजून नाही.

तक्रारी आहेत. वेळ कामाच्या दिवशी सकाळी अकराची, त्यामुळे ह्यांच्या चार बैठका बुडाल्या. झोपेबद्दल काही शिकवलं नाही. कमाटी बागेतली छोटी रेल्वे सुटली की तो जमिनीवर लोळण घेतो, त्याचं काय करायचं हेही नाही. आणि थकून खेळ चुकला की मन खातं, त्यावर कुणीतरी बोलायला हवं होतं.

पुढच्या फेरीला शनिवार मागितलाय. सासूबाईही येणार आहेत.